आघातानंतरचे मन : प्रतिक्रिया समजून घेताना, सावरताना

११ जुलै २००६, मंगळवार. सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढच्या अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात उपनगरी गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. चर्चगेटकडून उत्तरेकडे निघालेल्या या गाड्यांचे प्रथम वर्गाचे डबे फाटले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या स्थानकांच्या परिसरात मिळून १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तर ८०० हून अधिक जखमी झाले. वसई, नालासोपारा आणि विरार येथील आपले हजारो बंधुभगिनी रोज याच मार्गाने नोकरीसाठी ये-जा करतात. त्यामुळे ही दुर्घटना आपल्यासाठी केवळ वर्तमानपत्रातील बातमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि माणसे कामावर गेली. मुंबईकरांच्या धैर्याचे सर्वत्र कौतुक झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतील गरीब रहिवाशांनी घरातल्या चादरींची झोळी करून जखमींना बाहेर काढले होते. ते कौतुक रास्तच होते. परंतु त्या कौतुकाआड एक गोष्ट झाकली गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत चढलेला प्रत्येक जण सावरलेला होता असे नव्हे. पोटापाण्यासाठी जाणे भागच होते, म्हणून अनेक जण छातीत धडधड घेऊन चढले आणि आपल्याला भीती वाटते हे सांगण्याची त्यांना लाज वाटली.

अशी भीती, असे रडू, असा बधिरपणा म्हणजे नेमके काय? तो मनाचा दुबळेपणा आहे काय? श्रद्धा उणी पडल्याचे ते लक्षण आहे काय? आघातानंतर माणसाने स्वतःला कसे सावरावे आणि धर्मग्राम म्हणून आपण त्याला कसा आधार द्यावा? या प्रश्नांविषयी आवश्यक ती माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आघात कशाला म्हणावे

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर दुखापत किंवा लैंगिक अत्याचार यांचा अनुभव घेणे अथवा ते डोळ्यांदेखत पाहणे, याला मानसशास्त्रात आघात म्हणतात. बॉम्बस्फोट, भूकंप, पूर, आग, रस्त्यावरील अपघात, समुद्रात नाव बुडणे, घरातील मारहाण, जवळच्या माणसाचा अकस्मात किंवा हिंसक मृत्यू हे सारे त्यात येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप आणि २६ जुलै २००५ चा महापूर हे महाराष्ट्राने सामूहिकपणे सोसलेले आघात होत. परंतु चार भिंतींआड एकट्याने सोसलेला आघातही तितकाच खरा असतो. त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी अशा प्रसंगाला सामोरे जावे लागते. मात्र त्यांपैकी थोड्याच लोकांना पुढे दीर्घकाळ टिकणारा मानसिक आजार होतो. बहुसंख्य लोक काळ, सोबत आणि विसावा यांच्या बळावर सावरतात. ही दिलासा देणारी बाब आरंभीच लक्षात ठेवावी.

शरीरात आणि मेंदूत काय घडते

परमेश्वराने मनुष्याच्या शरीरात जीवरक्षणाची एक व्यवस्था ठेवलेली आहे. धोका दिसताच मेंदूतील अमिग्डाला नावाचा लहानसा भाग क्षणार्धात इशारा देतो. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात. माणूस पळतो, प्रतिकार करतो किंवा जागच्या जागी थिजून जातो. यांपैकी काय करायचे हे तो विचारपूर्वक ठरवीत नाही. म्हणूनच 'मी ओरडलो का नाही', 'मी मदतीला का धावलो नाही' असा दोष पुढे स्वतःला लावून घेणे अन्यायाचे ठरते. थिजून जाणे हा भ्याडपणा नव्हे.

धोका टळल्यानंतरही ही व्यवस्था लगेच शांत होत नाही. शिवाय त्या क्षणांची आठवण सरळ गोष्टीसारखी साठविली जात नाही. ती तुकड्यातुकड्यांनी मनात उरते. जळाल्याचा वास, लोखंडाचा आवाज, एखादी किंकाळी, सायंकाळची ती वेळ. पुढे दिवाळीचा फटाका वाजला किंवा गाडीने अचानक ब्रेक लावला, तर मेंदूला तो प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटते. माणूस घरात सुरक्षित असतो, पण त्याचे शरीर अजून त्या डब्यातच असते.

सामान्यतः दिसणाऱ्या प्रतिक्रिया

शरीराच्या प्रतिक्रिया : झोप न लागणे, दचकून जागे होणे, छातीत धडधडणे, हातपाय थरथरणे, घाम, डोकेदुखी, पोट बिघडणे, भूक मंदावणे, सतत थकवा.

मनाच्या प्रतिक्रिया : तोच प्रसंग डोळ्यांपुढे वारंवार येणे, भयंकर स्वप्ने, भीती, चिडचिड, संताप, दुःख, एकाग्रता नसणे. काहींना मुळीच रडू येत नाही. सारे काही दुरून, काचेपलीकडे घडत असल्यासारखे त्यांना वाटते. असा बधिरपणा पाहून 'याला काहीच वाटत नाही' असा निष्कर्ष कोणी काढू नये.

वागण्यातील बदल : गाडी, गर्दी किंवा ती जागा टाळणे, एकटे राहणे, घरच्यांवर ओरडणे, सतत दाराकडे पाहात राहणे, मुलांना नजरेआड होऊ न देणे, मद्य किंवा तंबाखूचे प्रमाण वाढणे.

वाचल्याचा अपराधीपणा : नेहमीची गाडी चुकली म्हणून वाचलेला, किंवा नेहमीची जागा मित्राला देऊन दारापाशी उभा राहिलेला मनुष्य 'त्याच्याऐवजी मीच का नाही' या प्रश्नाने पोखरला जातो. हा अपराधीपणा अतिशय बोचरा असतो आणि तो बहुधा कोणापाशी बोलला जात नाही.

श्रद्धेतील हालचाल : देवाविषयी राग येणे, प्रार्थना करता न येणे, मिस्साबलिदानाला आल्यावर गुदमरल्यासारखे वाटणे, किंवा याउलट एकसारखी प्रार्थना करावीशी वाटणे.

या प्रतिक्रिया बचावलेल्यांपुरत्याच मर्यादित नसतात. मृतदेहांची ओळख पटविण्यासाठी रुग्णालयांतून फिरलेले नातलग, जखमींना उचलणारे तरुण, परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी, अंत्यविधी करणारे धर्मगुरू आणि घरोघरी सांत्वनाला जाणाऱ्या धर्मभगिनी यांनाही त्या जाणवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू केली. तीमध्ये आघातानंतरच्या तात्काळ ताण-प्रतिक्रियेची गणना मानसिक आजारांत केलेली नाही. विलक्षण प्रसंगी माणसाच्या ठायी उमटणारी ती स्वाभाविक प्रतिक्रिया होय, असे आता वैद्यकशास्त्रही मानते. पहिल्या दिवसांत थरथरणारा किंवा बधिर झालेला माणूस वेडा झालेला नसतो, हे त्याच्या घरच्यांनी प्रथम समजून घ्यावे.

हा श्रद्धेचा अभाव नव्हे

आपल्या घराघरांतून अशा वेळी काही वाक्ये हमखास ऐकू येतात. 'देवाची इच्छा होती.' 'देव आपल्या आवडत्या माणसांना लवकर नेतो.' 'प्रार्थना वाढव, भीती जाईल.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ज्याचा मुलगा स्फोटात गेला, त्याच्या कानी पडते ते एवढेच की माझा मुलगा देवाने मारला. ज्या स्त्रीला रात्री झोप येत नाही, तिला कळते ते एवढेच की माझी श्रद्धा अपुरी आहे. मूळच्या वेदनेवर अपराधाचा आणखी एक भार आपण नकळत चढवितो.

पवित्र शास्त्राचा मार्ग याहून वेगळा आहे. जिवाच्या भयाने रानात पळालेला एलिया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. परमेश्वर त्याला रागावत नाही, उपदेशही करीत नाही. देवदूत त्याला भाकरी व पाणी देतो आणि झोपू देतो. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. पुढच्या प्रवासाची आणि कार्याची गोष्ट त्यानंतर येते. योबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी भुईवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण समजावून सांगू लागले तेव्हा ते चुकले आणि परमेश्वराने अखेरीस त्यांनाच दोष दिला. प्रभू येशू लाजरच्या कबरेपाशी रडला. गेथसेमनी बागेत तो व्याकूळ झाला, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, आणि त्याने आपल्या तीन शिष्यांना सोबत जागे राहण्याची विनंती केली. देवपुत्राला भय आणि वेदना जाणवल्या, सोबतीची गरज वाटली, तर आपल्यापैकी कोणाला वाटली यात लाजिरवाणे ते काय?

देवावर रागावणे हीदेखील प्रार्थना होऊ शकते. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे तक्रारीची आहेत आणि ख्रिस्तसभा ती शतकानुशतके आपल्या प्रार्थनाविधीत म्हणत आली आहे.

सावरण्याचा काळ

पहिले काही दिवस धक्का, गोंधळ आणि धावपळीचे असतात. अंत्यविधी, पोलीस, रुग्णालय, कागदपत्रे यांत दिवस जातात. पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घर रिकामे होते आणि दुःख खऱ्या अर्थाने जाणवू लागते. नेमक्या याच वेळी शेजाऱ्यांचे येणे थांबलेले असते.

पहिल्या महिन्यात लक्षणे हळूहळू सौम्य होत जाणे हा नेहमीचा क्रम होय. रोज सुधारणा दिसेलच असे नाही. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी एखाद्या आवाजाने सारे परत येते. याला अपयश समजू नये.

एक महिना उलटल्यावरही प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, त्याची आठवण करून देणारे सारे काही टाळले जात असेल, मन सतत सावध व ताणलेले राहात असेल आणि त्यामुळे काम, शिक्षण किंवा घरसंसार अडत असेल, तर त्यास आघातोत्तर ताणविकृती अर्थात पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या आजारास अधिकृत स्थान दिले. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मुले आणि वृद्ध

लहान मुले भीती शब्दांत सांगत नाहीत. अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, सुटलेले अंगठा चोखणे पुन्हा सुरू होणे, खेळात तोच प्रसंग वारंवार मांडणे, शाळेत लक्ष न लागणे यांतून ती व्यक्त होते. अशा मुलास मारू नये किंवा हिणवू नये. घडलेली गोष्ट त्याच्या वयाला पेलेल एवढ्या सोप्या आणि खऱ्या शब्दांत सांगावी. 'बाबा गावाला गेले' असे खोटे सांगितल्यास मूल वाट पाहात राहते आणि सत्य समजल्यावर मोठ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. मुले पुष्कळदा घडलेल्याचा दोष स्वतःकडे घेतात. 'हे तुझ्यामुळे झाले नाही' असे त्यांना स्पष्टपणे आणि एकाहून अधिक वेळा सांगावे. शाळा, जेवण आणि झोप यांच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत कराव्यात.

किशोरवयीन मुले गप्प होतात किंवा बेफिकीर वागू लागतात. त्यांना समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा काही काम करता करता, चालता चालता बोलणे सोपे जाते. वृद्ध माणसे आपले दुःख बहुधा अंगदुखी, भूक न लागणे किंवा विसरभोळेपणा यांतून दाखवितात. घरात तरुणांच्या दुःखाची चौकशी होते, पण कर्ता मुलगा गमावलेल्या आजी-आजोबांपाशी कोणी बसत नाही. त्यांच्याकडे विशेष लक्ष असावे.

स्वतःला सावरण्यासाठी

१. शरीर सांभाळावे. वेळेवर थोडेतरी खावे, पाणी प्यावे, रोज अर्धा तास चालावे. झोप लागत नसली तरी ठरल्या वेळी अंग टाकावे.

२. श्वास मंद करावा. चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. पाच मिनिटे असे केल्यास शरीराला धोका टळल्याचा संदेश मिळतो. जपमाळेची प्रार्थनाही येथे साहाय्यकारी होऊ शकते. इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेत नमो मरियाचा जप करताना त्यांचा श्वास मंदावून मिनिटाला सुमारे सहापर्यंत आला होता. जपमाळ हे औषध नव्हे. परंतु ज्यास शब्दांची प्रार्थना सुचत नाही, त्याला मण्यांचा आणि श्वासाचा आधार घेता येतो.

३. आठवण अंगावर चालून आली तर वर्तमानात परतावे. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, चार वस्तूंना स्पर्श करावा, तीन आवाज ऐकावेत. आज कोणती तारीख आहे, आपण कोठे आहोत, हे मोठ्याने म्हणावे.

४. दूरदर्शन वाहिन्या आणि मोबाइलवरील चित्रफिती मर्यादेत पाहाव्यात. एप्रिल २०१३ मधील बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत, पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याविषयीच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताण नोंदविला होता. मृतदेहांची छायाचित्रे पुढे पाठविणे हे तर पापच समजावे.

५. झोप यावी म्हणून मद्य घेऊ नये. मद्याने गुंगी येते, पण झोप तुटक होते आणि स्वप्ने वाढतात. दुःखासाठी घेतलेला पेला अनेक घरांत पुढे कायमचा राहिला आहे. दुसऱ्याने सुचविलेल्या झोपेच्या गोळ्याही घेऊ नयेत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ ताणाच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन प्रकारची औषधे देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

६. टाळलेल्या जागेकडे हळूहळू परतावे. गाडीची भीती असेल तर प्रथम कोणाला तरी सोबत घेऊन फलाटावर थोडा वेळ बसावे, मग दुपारच्या कमी गर्दीत एका स्थानकापर्यंत जावे, मग दोन. पूर्णपणे टाळत राहिल्यास भीती मुरते, आणि एकदम गर्दीत ढकलल्यास ती वाढते.

७. मोठे निर्णय लांबणीवर टाकावेत. घर विकणे, नोकरी सोडणे, नुकसानभरपाईची रक्कम कोणाला देणे अशा गोष्टी पहिल्या काही महिन्यांत शक्यतो करू नयेत.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने सहकारी संस्थांसमवेत २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाहा, ऐका आणि जोडून द्या, या तीन पायऱ्या तिने सांगितल्या आहेत. पाहा म्हणजे कोणाला तातडीची गरज आहे ते ओळखा. ऐका म्हणजे बोलते करण्याचा आग्रह न धरता जवळ बसा. जोडून द्या म्हणजे अन्न, निवारा, नातलग, वैद्यकीय सेवा, शासकीय मदत यांच्यापर्यंत त्या व्यक्तीस पोहोचवा. हे करण्यासाठी डॉक्टर असणे आवश्यक नाही.

'सारे बोलून टाक, मन मोकळे होईल' हा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. आघातानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेले तपशीलवार सांगावयास लावण्याची पद्धत पूर्वी काही देशांत रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना तर अपायही होतो, असे आढळल्यावरून ती आता सुचविली जात नाही. बोलायचे केव्हा, किती आणि कोणापाशी, हे ज्याचे त्याने ठरवावे. एखाद्यास तीच गोष्ट दहा वेळा सांगावीशी वाटली, तर दहा वेळा ऐकावी.

'मी समजू शकतो' यापेक्षा 'मी येथेच आहे' हे म्हणणे बरे. 'काही लागले तर सांगा' असे म्हणून निघून गेल्यास कोणी काही सांगत नाही. 'उद्या मुलांना शाळेत मी सोडीन', 'बँकेत मी सोबत येईन' असे नेमके काम अंगावर घ्यावे. दुःखाच्या घरी शेजारच्यांनी जेवण पोहोचविण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यात मोठे शहाणपण आहे. देवदूताने एलियासाठी तेच केले होते.

धर्मग्रामाची जबाबदारी

मोठ्या दुर्घटनेनंतर धर्मग्रामाने काही गोष्टी ठरवून कराव्यात असे आम्हास वाटते. विभागनिहाय बाधित कुटुंबांची नोंद करून प्रत्येक घरासाठी दोन ठराविक माणसे नेमावीत. रोज नवे चेहरे पाठवू नयेत. या भेटी महिन्याच्या मिस्सेपर्यंत संपवू नयेत. त्या वर्षभर, विरळ का होईना, चालू ठेवाव्यात. कागदपत्रे व नुकसानभरपाईच्या अर्जांसाठी जाणकार व्यक्तींची मदत द्यावी, कारण कार्यालयांचे खेटे हा दुसरा आघात ठरतो. आपत्ती कोणाचा धर्म पाहात नाही, म्हणून शेजारच्या अन्यधर्मीय कुटुंबांचीही तितकीच विचारपूस व्हावी. स्फोटासारख्या घटनेनंतर एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरविणारे बोलणे आपल्या बैठकांतून होऊ देऊ नये. संतापाला असा बळीचा बकरा मिळाला की तो शमत नाही, उलट वाढतो.

पापनिवेदनासाठी येणाऱ्या अनेकांच्या मनात वाचल्याचा अपराधीपणा असतो. आपण वाचलो हे पाप नाही, हे धर्मगुरूच्या तोंडून ऐकण्याने फार मोठे ओझे उतरते. मात्र प्रायश्चित्त संस्कार आणि मानसोपचार ही दोन वेगवेगळी कार्ये आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही. ग्रॅनाडा येथे १५३७ मध्ये संत जॉन ऑफ गॉड तीव्र मानसिक व्याकुळतेत सापडले, तेव्हा त्यांना वेडा समजून रुग्णालयात कोंडण्यात आले व त्या काळच्या उपचारपद्धतीनुसार मारण्यात आले. बाहेर आल्यावर त्यांनी आपले आयुष्य रुग्णांच्या सेवेला वाहिले. आज ते रुग्णालयांचे आणि रुग्णांचे आश्रयदाते संत आहेत. मनाच्या दुखण्यातून गेलेला मनुष्य ख्रिस्तसभेत कमी प्रतीचा ठरत नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती?

तज्ज्ञांची मदत केव्हा व कोठे

पुढील बाबी दिसल्यास विलंब करू नये : एक महिन्यानंतरही लक्षणे कमी न होणे, काम किंवा घरातील जबाबदाऱ्या पार न पडणे, मद्य वाढत जाणे, घरात मारहाण होऊ लागणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. आत्महत्येचा विचार व्यक्त झाल्यास महिन्याची वाट पाहू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. असा विचार मनात येतो काय, हे शांतपणे विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट त्या व्यक्तीला बोलण्यास वाट मिळते.

भारत शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मुंबईतील केईएम, नायर आणि शीव येथील महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे येथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय आरोग्य सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

पीटीएसडीवर सर्वाधिक परिणामकारक ठरलेले उपचार संभाषणाधारित आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने, सुरक्षित वातावरणात, रुग्ण त्या आठवणीकडे टप्प्याटप्प्याने पाहण्यास शिकतो आणि 'दोष माझाच' यांसारखे विचार तपासून पाहतो. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे. आवश्यक वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात. ती आपल्या मनाने बंद करू नयेत. मधुमेहासाठी गोळी घेणाऱ्यास आपण श्रद्धाहीन म्हणत नाही. मनाच्या आजाराला तोच न्याय लावावा.

स्मरणदिन आणि जुन्या जखमा

दरवर्षी तो दिवस जवळ आला की झोप उडणे, चिडचिड होणे, कारण नसता रडू येणे असे अनेकांना घडते. बातम्यांमुळेही खपली निघते. ११ जुलैच्या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरविले होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली आणि राज्य शासनाने त्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. निकालाची कायदेशीर चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु १९ वर्षांनंतर त्या एका बातमीने पीडित कुटुंबांना पुन्हा त्याच सायंकाळी नेऊन उभे केले, हे आपण ध्यानात घ्यावे. 'इतकी वर्षे झाली, आता विसरा' असे त्यांना म्हणू नये. सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. आठवण राहते, पण ती माणसाला रोजच्या रोज खाली पाडेनाशी होते, याला सावरणे म्हणावे.

अशा दिवसांची तयारी आधीच करावी. त्या दिवशी कोणासोबत राहायचे ते ठरवावे. मृतांसाठी मिस्सा अर्पण करावी, कबरीवर मेणबत्ती लावावी, त्यांच्या नावे एखाद्या गरजू विद्यार्थ्याचे शुल्क भरावे. धर्मग्रामानेही २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या स्मरणदिनी अशा कुटुंबांचा नावानिशी उल्लेख करावा. नाव उच्चारले जाणे ही लहान गोष्ट नाही.

पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना दर्शन दिले तेव्हा त्याच्या हातापायांवरील जखमांच्या खुणा तशाच होत्या. त्याने त्या लपविल्या नाहीत आणि थोमाला त्या पाहू दिल्या. आपल्या धर्मग्रामातील जखमी माणसांनाही आपल्या जखमा लपवाव्या लागू नयेत. या आठवड्यात आपल्या विभागातील अशा एका तरी घराचे दार आपण ठोठवावे, आत जाऊन थोडा वेळ बसावे आणि बोलण्यापेक्षा अधिक ऐकावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे. क्रुसाखाली उभी राहिलेली दुःखित माता मरिया सर्व आघातग्रस्तांना आपल्या सोबतीचा दिलासा देवो.